मुरुडच्या घराला चार स्मार्ट कुलपं: ९७,००० रुपये घालावेत का?

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आवरून:

"दापोली तालुक्यातल्या मुरुडला सासऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे. पडवीला लागून आम्ही दोन खोल्या काढल्या आणि ऑक्टोबर ते मे त्या पर्यटकांना देतो. किल्ली शेजारच्या काकांकडे असते. ते ७१ वर्षांचे आहेत. मुंबई-पुण्याहून निघालेले पाहुणे कधी कधी रात्री एक-दीडला पोचतात. त्या वेळी काकांना उठवायचं जिवावर येतं, म्हणून गेल्या हंगामात सहा बुकिंगं सोडून दिली. दोनदा पाहुणे किल्ली खिशात घालून निघून गेले आणि कुलूप फोडावं लागलं. एका विक्रेत्याने चार स्मार्ट कुलपं सुचवली आहेत: ओटीवरचं मुख्य दार, परसदार आणि दोन खोल्या. कुलूप प्रत्येकी १९,५००, बसवणी प्रत्येकी २,५००, शिवाय वाय-फायच्या दोन पेट्यांचे ९,०००. एकूण ९७,०००. दुसऱ्या वर्षापासून देखभाल करार कुलपामागे वर्षाला २,०००. खोल्यांचे गेल्या वर्षी १,६२,००० आले, खर्च जाऊन ७०,००० उरले. आमची १,४०,००० ची एफडी आहे आणि डोंबिवलीचा महिन्याचा घरखर्च ४२,००० आहे. एफडी मोडावी की 'नो कॉस्ट ईएमआय' घ्यावा? काकांना हंगामात महिन्याला ३,००० देतो, तेही वाचतील."

ताई, दोन खोल्यांना कुलपं बसवा. मुख्य दार आणि परसदार आहे तसं राहू द्या. एफडीला हात लावू नका, ईएमआयही नको. आणि काकांचे ३,००० या हिशोबातून आधी बाहेर काढा, कारण सगळं गणित तिथेच चुकतंय.

काका फक्त किल्ली देतात असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पण पंप कोण चालू करतं? टाकी भरली की नाही, कौल सरकलंय का, माडाची झावळी छपरावर पडली का, पडवीत जनावर शिरलं का, हे कोण बघतं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्याच किनाऱ्यावर कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा बंद घरांकडे बघणारी अशीच माणसं होती. कुलूप दार उघडून देईल, पण छपरावर ताडपत्री टाकायला येणार नाही. काकांचे पैसे चालू ठेवा. त्यांची झोपमोड मात्र थांबली पाहिजे, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मला खोल्यांची कुलपं पटतात.

आता पाच वर्षांचा हिशोब मांडू. आज द्यायचे ९७,०००. देखभाल करार चार वर्षं, वर्षाला ८,००० प्रमाणे ३२,०००. प्रत्येक कुलपात चार पेन्सिल सेल असतात. ते वर्षातून दोनदा बदलायचे तर चार कुलपांना ३२ सेल लागतील, ४० रुपयांनी १,२८०, म्हणजे पाच वर्षांत ६,४००. वाय-फायच्या पेट्या नुसत्या चालत नाहीत, इंटरनेट लागतं. महिन्याला करासह ५९० धरले तर पाच वर्षांचे ३५,४००. सगळं मिळून १,७०,८००, म्हणजे वर्षाला ३४,१६०. तुमच्या हातात वर्षाला राहतात ७०,०००. त्यातला जवळजवळ अर्धा वाटा दारं उघडण्या-लावण्यात जाईल. विक्रेत्याने खोटं काही सांगितलेलं नाही, पण त्याच्या कागदावर फक्त पहिल्या दिवसाचा आकडा आहे.

माझा पर्याय असा. दोन खोल्यांना आकडे दाबून उघडणारी, वाय-फाय नसलेली कुलपं घ्या. अशा काही कुलपांना आपण फोनवरच्या अ‍ॅपमधून ठरावीक तारखांपुरता आकडा तयार करू शकतो आणि त्यासाठी कुलपाजवळ इंटरनेट लागत नाही. शुक्रवारी दुपारी दोनपासून रविवारी सकाळी अकरापर्यंतचा आकडा डोंबिवलीत बसून काढायचा आणि पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅप करायचा. रविवारी अकरानंतर तो आकडा चालत नाही. किल्ली हरवायचा प्रश्नच मिटतो. अशा कुलपासाठी १२,५०० धरा, दोनचे २५,०००. बसवणीचे ५,०००. दारं नीट करायला सुताराचे ६,०००. मुख्य दाराला आणि परसदाराला चांगली पितळी कुलपं आणि नवे कडी-कोयंडे ४,०००. झाले ४०,०००. पाच वर्षांचे सेल ३,२०० आणि वर्षातून एकदा कारागिराला बोलावून तपासणी १,५०० प्रमाणे ७,५००. एकूण ५०,७००, म्हणजे वर्षाला १०,१४०.

हे पैसे निघतील का? एका खोलीचं एका रात्रीचं भाडं २,००० धरलं तर १,६२,००० म्हणजे ८१ खोली-रात्री. एक जादा रात्र लागली तर चादरी, सफाई, वीज, न्याहारी यांचे साधारण ८०० जातात असं धरते. म्हणजे १,२०० सुटतात. माझ्या पर्यायाला वर्षात नऊ जादा रात्री पुरतात, विक्रेत्याच्या बेताला २९ लागतात. तुम्ही सोडलेली सहा बुकिंगं दोन-दोन रात्रींची धरली तर बारा रात्री होतात. नऊ त्यात बसतात, २९ बसत नाहीत. नऊ आणि बारामधलं अंतर फार नाही हेही लक्षात ठेवा. त्यातली दोन-तीन बुकिंगं एकेका रात्रीचीच असतील तर कुलपं जेमतेम स्वतःचा खर्च काढतील. तेव्हा जुन्या मेसेजमधून ती सहा बुकिंगं एकदा मोजून बघा.

कोकणात या कुलपांचा खरा शत्रू चोर नाही, पाऊस आणि खारा वारा आहे. रत्नागिरीला माझ्या आईच्या घरी आम्ही असंच कुलूप बसवलं होतं, मार्च महिन्यात. तेव्हा दार लोण्यासारखं बंद व्हायचं. जुलैत लाकूड फुगलं, दाराची कड चौकटीला घासायला लागली आणि खिट्टी समोरच्या पट्टीच्या भोकात जाईना. मोटर जोर लावायची, थांबायची, पुन्हा जोर लावायची. आठवड्यात सेल संपले. ज्यांनी बसवलं होतं त्यांचा माणूस चार दिवसांनी आला, आणि ते चार दिवस आई मागच्या दाराने ये-जा करत होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला निसरड्या परसातून जावं लागतंय हे मला इथे बसून ऐकावं लागलं. तेव्हापासून मी बसवणीचे पैसे वाचवू नका असंच सांगते. कुलपाच्या किमतीत घासाघीस करा, कारागिराच्या मजुरीत करू नका.

चांगला कारागीर आधी दाराची जाडी मोजतो. खोल्यांची फ्लश दारं बऱ्याचदा ३० ते ३५ मिलिमीटरची असतात आणि दाराच्या आत बसणाऱ्या पुष्कळ कुलपांना त्याहून जाड दार लागतं. पातळ दारात खाच पाडली की दोन्ही बाजूंना लाकडाचा पापुद्रा उरतो. खाच पाडल्यावर उघडं पडलेलं लाकूड त्याने पॉलिशने किंवा रंगाने बंद केलं पाहिजे, दाराची खालची आणि वरची कडसुद्धा, नाहीतर पावसाळाभर तिथूनच ओल शिरते. चौकटीपाशी फुगायला जागा हवी. म्हणूनच जून ते सप्टेंबर काम काढू नका. लाकूड फुगलेलं असताना रंधा मारला तर एप्रिलमध्ये फट पडते. दिवाळीनंतर दारं सुकली की बसवा, आणि पुढच्या जुलैत तपासणीला यायचं हे त्याच्याकडून आधीच लिहून घ्या. दार चिरलं तर भरपाई कोणाची, हेही त्याच कागदावर.

धातूबद्दल विचारा. समुद्रापासून तुमचं घर किती जवळ आहे ते तुम्हाला माहीत आहे. खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही ठिपके धरतात. ३१६ प्रतीमध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त टिकतं. जस्ताच्या मिश्रधातूवर नुसता चकचकीत मुलामा असेल तर ते मुरुडला नको. दोन्ही दारं पडवीच्या आत आहेत हे चांगलं आहे, थेट पावसाचा मारा लागणार नाही.

बोटाच्या ठशाचे जादा पैसे देऊ नका. पाहुणे समुद्रावरून ओल्या, वाळूच्या हातांनी येणार. आणि आयुष्यभर नारळ-सुपारीचं काम केलेल्या काकांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतील, यंत्र त्यांना ओळखेलच असं नाही. त्यांच्याकडे कुलपाची साधी किल्ली राहू द्या. किल्लीने न उघडणारं कुलूप कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सेल संपले तर बाहेरून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी किंवा टाइप-सीने पॉवर बँक लावून उघडायची सोय बहुतेक कुलपांत असते. ती कशी वापरायची हे काकांना प्रत्यक्ष करायला लावा. सेल अल्कलाइनच घाला, चार्ज होणारे नकोत, आणि पावसाळ्यात खोल्या बंद ठेवत असाल तर काढून ठेवा. आत गळले तर कुलूपच जातं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बसवणारा माणूस घाईत स्वतःच्या फोनवर कुलपाची नोंदणी करतो आणि मालकाचा ताबा त्याच्याच खात्यात राहतो. तुम्ही स्वतः हजर असताना, तुमच्या फोनवर, तुमच्या खात्यात नोंदणी करून घ्या. कारखान्यातून आलेला मूळ आकडा त्याच वेळी बदला.

मुख्य दाराला नाही का म्हणते, तेही सांगते. तुमच्या सासऱ्यांच्या काळचं दार दोन फळ्यांचं असणार. त्याला कडी-कोयंडा आणि आतून अडसर. दाराच्या आत बसणारी ही कुलपं एका फळीच्या दारासाठी केलेली असतात. दुसरी फळी वरखालच्या खिट्ट्यांवरच राहते, म्हणजे १९,५०० रुपयांचं कुलूप शेवटी त्या खिट्टीइतकंच मजबूत. शिवाय जुन्या सागवानाला पाडलेलं भोक बुजत नाही. आणि त्या दारातून पाहुणे जातच नाहीत, तुम्ही वर्षातून चार-पाचदा जाता. तिथे त्या कुलपाने काहीच कमाई होत नाही.

घराच्या सुरक्षिततेची काळजी असेल, आणि ती असावीच, तर उरलेल्या पैशांतला थोडा भाग विम्याला द्या. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. त्यात आग, वादळ, पूर येतं. घरफोडीसाठी वेगळं कवच जोडावं लागतं. ते घेताना घर सलग किती दिवस बंद असलं तरी कवच चालू राहतं, आणि खोल्या पाहुण्यांना देता हे त्यांना मान्य आहे का, हे लेखी विचारा. स्मार्ट कुलपाशी याचा थेट संबंध आहे. घरफोडीच्या पॉलिसीत 'बळजबरीने प्रवेश' अशी अट असेल तर बळाचा वापर झाल्याचं दिसलं पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला आहे. कोणी बाहेर फुटलेला आकडा दाबून आत शिरला तर दारावर ओरखडाही नसतो. म्हणून प्रत्येक बुकिंगला नवा आकडा, आणि सगळ्यांना मिळून एकच कायमचा आकडा कधीच नाही.

पैसे कुठून आणायचे? तुमची एफडी म्हणजे तीन महिने आणि थोडे दिवस घर चालेल एवढी रक्कम आहे. त्यातून ९७,००० काढले तर ४३,००० उरतात, जेमतेम एक महिना. मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापलं जाईल ते वेगळंच. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज नसतं असं समजू नका. ते किमतीत मुरवलेलं असतं किंवा रोखीवर मिळणारी सूट सोडून तुम्ही ते भरता. वर बँकेची प्रक्रिया फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना सुनावलं होतं. त्यापेक्षा दिवाळीच्या गर्दीचे आगाऊ पैसे येतात, त्यातून नोव्हेंबरमध्ये एका खोलीचं कुलूप बसवा. नाताळच्या पैशांतून दुसऱ्या खोलीचं. पहिल्यात काही चूक झाली तर ती दुसऱ्यात होणार नाही, हा जास्तीचा फायदा.

बिल ज्याच्या नावावर खोल्यांचं उत्पन्न दाखवता त्याच्याच नावावर घ्या. व्यवसायाचे हिशोब लिहीत असाल तर कुलपावर घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून वजावट, मिळेल. हिशोब न लिहिता जमेच्या ठरावीक टक्के उत्पन्न दाखवत असाल तर वेगळी वजावट नाही. तुमच्या सीएला एक फोन करा, काम होईल.

पुढच्या वेळी मुरुडला जाल तेव्हा मोजपट्टी बरोबर न्या. दोन्ही खोल्यांच्या दारांची जाडी, दार आत उघडतं की बाहेर, बिजागऱ्या डाव्या की उजव्या बाजूला, आणि बंद दार आणि चौकट यांच्यातली फट, एवढं लिहून आणा. काकांना शेजारी उभं करा. जुलैत कुठलं दार कुठे घासतं हे त्यांना न मोजता सांगता येईल.