वठलेलं झाड आणि पडकी भिंत

प्रश्न : जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांच्यासारखं वठलेलं झाड आणि पडकी इमारत मी पेन्सिलीने काढते. अर्थ काही उमटत नाही, चित्र नुसतं भकास दिसतं. काय चुकतं?

उत्तर : त्यांचं ‘ओकवनातील मठ’ (१८०९-१०) पुन्हा पाहा. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड शहराजवळच्या एल्डेना मठावर बेतलेली एकच उंच भिंत, दोन्ही बाजूंना निष्पर्ण ओक, खाली शवपेटी नेणारे साधू. जमिनीलगत काळोख आहे, वरचं आकाश मात्र उजळ. आशा आहे ती त्या आकाशात. तुम्ही आकाशही करडं केलं असेल, तर चित्र भकासच होणार.

दुसरं म्हणजे, निष्पर्ण झाड आणि मेलेलं झाड एक नव्हे. हिवाळ्यातल्या जिवंत ओकला टोकापर्यंत बारीक काड्या असतात; वठलेल्या झाडाच्या काड्या गळून जाड, मोडके फाटे तेवढे उरतात. ‘एकाकी वृक्ष’ (१८२२) मध्ये शेंडा वाळलेला आहे, खाली पालवी आहे आणि बुंध्याला टेकून मेंढपाळ उभा आहे. नाश आणि टिकाव, दोन्ही एकाच खोडात!

काढताना आधी एचबीने क्षितिज आणि भिंतीची बाह्यरेषा हलकी आखा. मग फांद्यांमधल्या आकाशाचे तुकडे बघून फांद्या बसवा. फाटा फुटला की पुढची फांदी बारीक व्हायलाच हवी. दोन्हीकडे समोरासमोर फाटे काढले की माशाचा काटा तयार होतो. बहुतेकांचं झाड इथेच बिघडतं. सहा-बी ही मऊ, गडद पेन्सिल फक्त जवळच्या खोडाला वापरा. दूरच्या भिंतीलाही तितकाच काळा रंग दिलात तर धुकं आणि अंतर दोन्ही जातं. भिंतीची तुटकी कड नागमोडी नको: दगडी बांधकाम बहुधा सांध्यांत सुटतं, म्हणून कड पायऱ्यापायऱ्यांनी उतरते.

प्रश्न : ओकऐवजी आपल्याकडची झाडं आणि मठाऐवजी वाडा चालेल?

उत्तर : चालेल, पण अर्थ बदलतो. काटेसावर निष्पर्ण असतानाच लाल फुलते, तिला शोकाचं झाड म्हणणं अवघड. वड तर सहसा पूर्ण उघडा पडतच नाही. वाड्यासाठी पिंपळ घ्या. तो भिंतीच्या भेगेतच उगवतो, मुळांनी चिरे सरकवतो. पाडणारा आणि जगणारा एकच. मुळं भिंतीवर नुसती चिकटवू नका, सांध्यातून आत शिरताना दाखवा. आणि जोतं शाबूत ठेवा. वाड्याचं लाकूड नि वरच्या मातीच्या भिंती आधी जातात, जोतं मागे राहतं.