कंपाइल झालेल्या सी शार्प प्रोग्रामला त्याचे सिम्बॉल विचारता येतात का?

डीबग, ट्रायल यांसारखे जे सिम्बॉल (कोडचा कोणता भाग कंपाइल करायचा ते ठरवणारी नावे) प्रोजेक्टमध्ये ठरवले आहेत, त्यांपैकी बिल्डच्या वेळी कोणते चालू होते ते प्रोग्रामच्या ‘अबाउट’ खिडकीत दाखवायचे आहे, पण रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रामने स्वतःची रचना वाचण्याच्या सोयीने) काहीच हाती लागत नाही, असा आपला प्रश्न आहे. रिफ्लेक्शनने ते मिळणारही नाही. सी शार्पमध्ये सिम्बॉलला किंमत नसते. तो ठरवलेला असतो किंवा नसतो, आणि कंपायलरने #इफचा, म्हणजे सिम्बॉल असेल तरच कोड घेण्याच्या अटीचा, निकाल लावला की असेंब्लीच्या (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलच्या) कोडमध्ये त्याचे नावही उरत नाही. म्हणून जी माहिती पुढे हवी आहे, तिची नोंद बिल्ड होतानाच करून ठेवावी लागते.

सिम्बॉल दोन-तीनच असतील, तर एक स्टॅटिक क्लास लिहून प्रत्येकासाठी एक बूल (खरे-खोटे सांगणारे) फील्ड ठेवावे आणि #इफ व #एल्स वापरून त्याला ट्रू किंवा फॉल्स द्यावे. हे फील्ड कॉन्स्ट (कंपाइल होतानाच किंमत पक्की झालेले) न करता स्टॅटिक रीडओन्ली (प्रोग्राम चालताना एकदाच भरले जाणारे) करावे, असा माझा आग्रह आहे. पब्लिक कॉन्स्टची किंमत ती वापरणाऱ्या असेंब्लीत कंपाइल होतानाच उतरवली जाते. त्यामुळे पुढे लायब्ररीची डीएलएल तेवढी बदलली, तरी तिच्यावर अवलंबून असलेला प्रोग्राम जुनेच उत्तर देत राहतो. मी स्वतः अशा एका चुकीच्या मागे दोन दिवस घालवले आहेत.

सगळी यादी हवी असल्यास प्रोजेक्ट फाइलमधून असेंब्लीमेटाडेटा हे (असेंब्लीत माहितीची नोंद ठेवणारे) अ‍ॅट्रिब्यूट जोडावे आणि त्यात डिफाइनकॉन्स्टंट्स या, सिम्बॉलांची यादी ठेवणाऱ्या, प्रॉपर्टीची किंमत भरावी. हे अ‍ॅट्रिब्यूट डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ पासून उपलब्ध आहे. प्रोग्राम चालू असताना ते वाचून मिळालेला मजकूर अर्धविरामांवर तोडला की नावे सुटी होतात. मात्र ही यादी पूर्ण आहे असे समजू नये: एखाद्या फाइलच्या आरंभी #डिफाइनने ठरवलेला सिम्बॉल त्या फाइलपुरताच असतो आणि तो या प्रॉपर्टीत येत नाही, तसेच फ्रेमवर्कच्या आवृत्तीचे सिम्बॉल एसडीके (डॉटनेटचा बिल्ड करणारा साधनसंच) बिल्ड चालू झाल्यावर भरते, त्यामुळे प्रोजेक्ट फाइलमध्ये थेट लिहिलेल्या नोंदीतून ते निसटतात. त्यांच्यासाठी वर सांगितलेले #इफचे फील्डच ठेवावे.

डीबगेबल अ‍ॅट्रिब्यूट पाहून डीबग सिम्बॉल होता की नाही ते ठरवावे, असे काही जण सुचवतात. त्यावरून कोड ऑप्टिमाइझ केला होता का, एवढेच कळते. रिलीज बिल्डमध्येही डीबग सिम्बॉल ठरवता येतो. शिवाय प्रत्येक असेंब्ली आपल्या स्वतंत्र सिम्बॉलांनी कंपाइल होते, म्हणून ही माहिती वाचणारी मेथड लायब्ररीत ठेवणार असाल, तर कोणत्या असेंब्लीची नोंद वाचायची ते तिला पॅरामीटर म्हणून द्यावे.