कॅलरींचा हिशेब आणि अडून बसलेला काटा

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे. गेले पाच महिने मी खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची मोबाइलवरील ॲपमध्ये नोंद करते आणि दिवसाला १५०० कॅलरींच्या वर जात नाही. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो वजन उतरले, त्यानंतर मात्र काटा जागचा हललेला नाही. कोणाकडे जेवायला जायचे म्हटले की आता धास्ती वाटते, कारण तिथल्या पदार्थांच्या कॅलरी कळत नाहीत. पाकीटबंद पदार्थ मात्र मी निर्धास्तपणे खाते, कारण त्यांवर आकडा छापलेला असतो. हा हिशेब चालू ठेवावा की सोडून द्यावा?

उत्तर : पाकिटांबद्दलचे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले, त्याकडे नंतर येते, आधी काट्याविषयी.

खर्चापेक्षा कमी ऊर्जा घेतल्याशिवाय शरीरातील चरबी कमी होत नाही, हे खरेच आहे. प्रश्न आहे तो आपले मोजमाप कितपत भरवशाचे, हा. एक ग्रॅम प्रथिने किंवा कर्बोदकांमागे ४ आणि स्निग्ध पदार्थांमागे ९ किलोकॅलरी (बोलताना आपण यांनाच कॅलरी म्हणतो) हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेला ठोकताळा वेष्टनांवरील आकड्यांसाठी आजही वापरतात. तो सरासरीचा आहे. त्यानुसार २८ ग्रॅम बदामांच्या सुमारे १७० कॅलरी होतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रत्यक्ष मोजले, तेव्हा शरीराला १२९च मिळत असल्याचे दिसले, कारण चावताना न फुटलेल्या पेशींतील तेल पचत नाही.

याहून मोठी चूक आपल्याच हातून होते. स्वयंपाक करताना चाखलेले, मुलांच्या ताटातले उरलेले दोन घास कोणी लिहून ठेवत नाही. तेलाचेच पाहा : १५ मिलिलिटरचा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. बाटलीतून थेट कढईत धार सोडली आणि ॲपमध्ये ‘एक चमचा’ लिहिले, पण पडले दोन चमचे, तर दिवसभर राखलेल्या तुटीचा मोठा भाग तिथेच भरून निघतो. कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या एका गटाची पाहणी १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांनी नोंदवलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता. याला मी लबाडी म्हणणार नाही, माझ्याही नोंदी अशाच घसरतात. शिवाय चार किलोंनी हलके झालेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते, त्यामुळे पाच महिन्यांपूर्वी १५०० कॅलरींत जी तूट पडत होती, ती आज तेवढी पडत नाही. मनगटी घड्याळाने दाखवलेल्या ‘जाळलेल्या’ कॅलरींच्या भरवशावर जास्तीचे खात असाल, तर ते मात्र आजच थांबवा.

आता पाकिटांविषयी. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (म्हणजे बऱ्याच पाकीटबंद पदार्थांसारखे, कारखान्यात खूप प्रक्रिया करून बनवलेले) आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न पोटभर दिले गेले. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि तंतू यांचे प्रमाण जुळते होते. तरीही अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. छापील आकड्याच्या आधाराने तुम्ही नेमके अशाच अन्नाकडे वळत आहात, आणि तुमच्या बाबतीत हिशेब इथेच आडवा येतो आहे.

माझ्या मते मोजणी ही नजर तयार करण्यापुरती असावी. त्यासाठी दोन-तीन आठवडे पुरतात आणि तुमचे तर पाच महिने झाले आहेत. ॲप बंद करा, तेलाचा चमचा तेवढा ठेवा. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा पदार्थ आणि भरपूर भाजी असू द्या. वजन रोज सकाळी एकाच वेळी करून आठवड्याची सरासरी काढा, कारण मीठ आणि मासिक पाळी यांमुळे शरीरात पाणी साचून रोजचा आकडा किलोभर सहज हलतो. चार आठवड्यांत सरासरी उतरली नाही, तर रोजच्या खाण्यातली एखादी गोष्ट कमी करून पाहा, आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. जेवायला मात्र अवश्य जा. तिथेही धास्ती कायम राहिली, किंवा जेवणानंतर अपराधी वाटून उपाशी राहावेसे वाटू लागले, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.