शेड्यूल, स्केड्यूल आणि विसरलेले सेड्यूल

‘इंग्रजी बातम्यांत पूर्वी शेड्यूल ऐकू येत असे, आता ब्रिटिश निवेदकही सर्रास स्केड्यूल म्हणतात, हा अमेरिकी बिघाड समजावा का, आणि शुद्ध उच्चार कोणता?’ असा प्रश्न आला आहे. अमेरिकेचा प्रभाव उघड आहे, त्यावर शाई खर्चण्याचे कारण नाही. मात्र या प्रश्नाला ठरलेली दोन उत्तरे ऐकून कान किटले आहेत. एक पक्ष म्हणतो, आपण स्कूलला ‘शूल’ म्हणत नाही, तेव्हा स्केड्यूलच बरोबर. दुसरा म्हणतो, शेड्यूल हाच जुना, खानदानी उच्चार. दोन्ही पक्षांनी या शब्दाचा इतिहास पाहिलेला दिसत नाही.

स्कूल हा शब्द लॅटिनमधून प्राचीन इंग्रजीत आला तो ‘स्क’ घेऊनच. त्यातला एच पुढे लॅटिनच्या आदरापोटी बसवला गेला. शेड्यूलची वाट निराळी आहे. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘स्केडुला’ म्हणजे कागदाचा चिटोरा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा आद्य ध्वनी ‘स’ झाला आणि चौदाव्या शतकात तो इंग्रजीत त्याच ‘स’सकट उतरला. चिठ्ठीसाठीचा जर्मन ‘त्सेटल’ आणि स्पॅनिश ‘सेदुला’ ही याचीच भावंडे असून त्यांच्यात ‘श’ही नाही आणि ‘स्क’ही नाही. मला खरा आनंद होतो तो याच्या पलीकडे गेल्यावर. या चिटोऱ्याचे मूळ अनेक व्युत्पत्तिकार चिरणे, फाडणे या अर्थाच्या ग्रीक धातूत शोधतात, आणि तो धातू संस्कृत ‘छिद्’चा सगोत्र आहे, म्हणजे वेळापत्रकाला दिलेले हे इंग्रजी नाव आपल्या छेद, छिद्र आणि विच्छेद यांच्या घराण्यातले ठरते. फूट या अर्थाचा इंग्रजी ‘सिझम’ही त्याच धातूचा, आणि तोही हल्ली ‘स्किझम’ होत चालला आहे.

सोळाव्या शतकाच्या सुमारास विद्वानांनी लॅटिनला स्मरून शेड्यूलचे लेखन एस-सी-एच असे बदलले, तरी जीभ बराच काळ बधली नाही. जॉन वॉकरच्या १७९१ च्या उच्चारकोशात ‘सेड्यूल’ नोंदलेला आहे, तर अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टरने १८२८ मध्ये ग्रीक मूळ पाहून ‘स्क’ दिला. ब्रिटनमध्ये ‘श’ रुळला. तात्पर्य, दोन्ही उच्चार अक्षरांकडे बघून घडलेले आहेत, आणि शेड्यूलवाल्यांनी स्केड्यूलवाल्यांना नाके मुरडणे हा निव्वळ आव आहे.

याच कारणाने इंग्रजी भाषावापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलरशी माझे मुळीच पटत नाही. ‘ऑफन’ऐवजी ‘ऑफ्टन’ म्हणणाऱ्यांना त्याने १९२६ मध्ये एकतर पंडिती आव आणणारे किंवा आपल्याला स्पेलिंग येते हे दाखवू पाहणारे अर्धशिक्षित ठरवले. मग ‘फॉल्ट’चे काय करायचे? हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात एल नव्हता, तो मागाहून लेखनात घुसवला गेला, आणि बोलताना तो बहुधा गाळतात असे कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्येही नोंदवले आहे. आज तो सगळेच उच्चारतात, स्वतः फाउलरही उच्चारत असणार, आणि त्यासाठी कोणी कोणाला अर्धशिक्षित म्हणत नाही. अक्षर जिभेवर मात करते ही इंग्रजीतील जुनी वहिवाट आहे. ज्याची मात ताजी असते त्यालाच शिव्या बसतात, इतकेच.

त्याच १९२६ साली बीबीसीने निवेदकांसाठी उच्चारांची सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते आणि पुढे ते पद बर्नार्ड शॉकडे गेले. एवढी मोठी माणसे बसवूनही बोलीचा प्रवाह कोणाला अडवता आला नाही.

शुद्ध म्हणजे सर्वांत जुना असे मानायचे असेल तर ‘सेड्यूल’ म्हणावे लागेल, आणि ते कोणालाही कळणार नाही. निवेदकाने उरलेल्या दोहोंपैकी आपल्या तोंडात बसलेला उच्चार खुशाल ठेवावा. एकाच बातमीपत्रात दोन्ही ऐकवू नयेत.