टोले चुकले म्हणून पेटीला कुलूप?

प्रश्न : मुलगा यंदा एसएसएलसी (दहावी) ६४ टक्क्यांनी पास झाला. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला घालून धारवाडला सीईटीच्या क्लासला पाठवायचं ठरवलंय. पण तो दिवसभर जुनी घड्याळं उघडतो, एकेका चाकाचं चित्र काढून नंबर टाकत बसतो. माझ्या वडिलांचं जुनं अमेरिकन ॲन्सोनिया घड्याळ त्यानं उघडलं, तेव्हापासून पाच वाजता आठ टोले पडतात. मी हत्यारांची पेटी कपाटात घालून कुलूप लावलं. घड्याळ दुरुस्ती म्हणजे थेंबभर तेल घालायचं नि सेल बदलायचे, त्यात काय शिकायचं? त्याचं मन अभ्यासात कसं लागेल?
– एक पालक, खानापूर

उत्तर : मार्कांची काळजी नंतर करू. मला काळजी वाटली ती कुलपाची. सुटा केलेला प्रत्येक भाग कागदावर ठेवून त्याचं चित्र काढणारा, नंबर टाकणारा सोळा वर्षांचा मुलगा तुमच्या घरात आहे आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिता! ही शिस्त शिकवावी म्हणून वर्कशॉपवाले जिवाचं रान करतात. तुमच्या मूळ लांब पत्रात क्लासची फी आहे, पाहुण्यांची मुलं कुठं लागली ते आहे. मुलाला काय हवंय याचं एक वाक्य नाही. त्याला विचारलंत का?

टोल्यांचं म्हणाल, तर त्यानं घड्याळ बिघडवलं असं धरून चालू नका. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन घड्याळांत टोल्यांचा हिशेब काट्यांवर चालत नाही. कमी-जास्त अंतरावर खाचा असलेलं एक चाक असतं. तरफ पुढच्या खाचेत पडेपर्यंत टोले वाजतात. टोल्यांच्या स्प्रिंगची चावी काट्यांच्या स्प्रिंगआधी उतरली किंवा टोले पडू न देता काटे पुढं सरकवले, की हिशेब चुकतो. तरफ हातानं उचलून योग्य आकडा येईपर्यंत टोले वाजू दिले की झालं. हे त्यालाच करू द्या. मात्र एक ताकीद द्या : चावी भरलेली स्प्रिंग हळूहळू पूर्ण उतरवल्याशिवाय चाकं धरून ठेवणाऱ्या पितळी पाट्या सोडवायच्या नाहीत. त्यात बोटं फुटतात.

तुमचा एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. घड्याळ दुरुस्ती म्हणजे थेंबभर तेल घालणं आणि सेल बदलणं नव्हे. शंभर वर्षं पोलादी आस फिरून पितळी पाटीतलं भोक लांबट होतं, चाकं एकमेकांत नीट बसत नाहीत. तेलानं ते भरून येत नाही. भोक अचूक मध्यावर रुंद करून त्यात लेथवर कातलेलं बुश, म्हणजे बारीक नळी, बसवावं लागतं, आसाचं झिजलेलं टोक घासून चकचकीत करावं लागतं. सुटे भाग मागवू म्हणाल, तर ॲन्सोनियाची यंत्रसामग्रीच १९३० च्या सुमारास सोव्हिएत रशियाला विकली गेली. पुष्कळदा भाग स्वतःच घडवावा लागतो. म्हणजे हे सूक्ष्म मशिनिंगचं काम आहे, आणि बेळगावात मशिनिंग शिकायला लांब जावं लागत नाही.

म्हणून धारवाड सोडा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, जीटीटीसी. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवण्याचा, चार वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यात शेवटचं वर्ष कारखान्यातलं. पुढं इंजिनिअरिंग करायचंच झालं तर डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडी राहते. पीयूसी, सीईटीची वाट तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यावर मी शाई खर्च करत नाही.

मुलालाही स्पष्ट सांगतो : नुसत्या जुन्या घड्याळांवर बेळगावात घर चालेल असं मला वाटत नाही. पोट टूल रूमच्या कामावर भरावं. गोवा, सावंतवाडी, कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतली घड्याळं हळूहळू हाताखाली येतील. इंग्रजी पक्कं कर, कारण डिप्लोमाची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि १८५८ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या घड्याळविद्येच्या संस्थेचा घरबसल्या करायचा अभ्यासक्रमही त्याच भाषेत आहे. दुरुस्तीबरोबर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत पडायचा मोह झाला, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाच.

अर्जाची मुदत हातची जाऊ देऊ नका. दोघं मिळून उद्यमबागेत जा, ती चित्रं बरोबर न्या आणि तिथं त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.