वेल्सच्या किनाऱ्यावरचे किल्ले बघायला आईवडिलांना घेऊन जातोय. मुक्काम लँडिडनोत करावा की कॉन्वीत?

कॉन्वीत, आणि तोही गावाच्या जुन्या तटाच्या आत. या प्रश्नावरून आमच्या घरात सहा वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मँचेस्टरला असतो. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, परस्पर कॉन्वी गावाबाहेरच्या कॅरव्हान पार्कात बुकिंग केलं. म्हणे, झोपायलाच तर जायचं असतं. बाबांनी उभा जन्म सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले, आणि इथे त्यांच्या वाट्याला आले भर गर्दीतले दोन तास. लगेच ‘चला, गाडीत बसा’. परतताना ते मागच्या काचेतून किल्ल्याकडे बघत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मला ते फार लागलं.

दोन वर्षांनी ते पुन्हा आले, तेव्हा मी हट्टाने तटाच्या आतच खोली घेतली. संध्याकाळी टूरिस्ट बस गेल्या आणि गाव शांत झालं. ओहोटी होती. धक्क्याजवळ होड्या चिखलात कलंडल्या होत्या, डोलकाठ्यांवर दोर टिणटिण आपटत होते. जेवण झाल्यावर बाबा एकटेच जाऊन तटाला हात लावून आले. दुसऱ्या दिवशी मिल गेटजवळ तटातून बाहेर काढलेले ओळीने 12 संडास दिसले, तर बोट दाखवत मोजत उभे राहिले. रायगडावरचे शौचकूप प्रत्येकाला आवर्जून दाखवणारा माणूस तो!

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 साली किल्ला आणि गावाचा तट एकाच वेळी बांधायला घेतले. तट जवळपास 1.3 किलोमीटर, बुरूज 21. तिथे गाव आणि किल्ला वेगळे काढताच येत नाहीत, मग बाहेर कशाला राहायचं?

लँडिडनो छान आहे. पिअर आहे, ग्रेट ऑर्म टेकडीवर चढणारी 1902 सालची ट्राम आहे. पण ते व्हिक्टोरियन लोकांनी हवा खायला वसवलेलं गाव. किल्ल्यांसाठी जाताय ना? कार्नार्व्हन आणि बोमॅरिसचे किल्ले कॉन्वीहून गाडीने तासाच्या आत होतात.

हां, आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या. जुन्या घरांत लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात. गाडी लावायलाही त्रास होतो.

भाऊजी अजून म्हणतात, रात्रीमागे चाळीस पौंड उगाच घातलेस. बाबा फोनवर कॅरव्हान पार्कचं नावही काढत नाहीत. त्या 12 संडासांचं मात्र सगळ्या आळीला सांगून झालंय.