वाचकांचे प्रश्न : ‘हातात सुधारणा’ मोजायची कशी?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 67) पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू अधू झाली. आता ते काठी घेऊन घरात चालतात. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) नियमित चालू आहे. मात्र फाइलमध्ये दर महिन्याला ‘उजव्या हाताच्या कार्यात सुधारणा करणे’ हेच उद्दिष्ट असते आणि पुढच्या रकान्यात ‘प्रगती चांगली’ असा शेरा. घरी आई अजूनही त्यांना भरवते. प्रगती झाली की नाही, हे आम्ही कशावरून ठरवावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फाइलमधले उद्दिष्ट कधी चुकूच शकत नाही, हाच त्याचा दोष आहे. एक बोट जरासे हलले तरी सुधारणा झाली असे म्हणता येते, आणि म्हणूनच ते दर महिन्याला जसेच्या तसे उतरवले जाते. रुग्ण कोणते काम करणार, कोणत्या परिस्थितीत, कोणाची किती मदत घेऊन आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिले तरच ते मोजता येते. शिवाय तेच काम आज कसे होते, याची नोंद आधी हवी.

वडिलांच्या जेवणाचेच पाहा. भाकरीचा तुकडा एका हाताने मोडताना बोटांनी भाकरी दाबून धरावी लागते आणि अंगठ्याने तुकडा ओढावा लागतो. मग तो न चुरगाळता आमटीत बुडवून, मनगट वळवून तोंडाशी न्यायचा असतो. एका घासात बोटांपासून खांद्यापर्यंत सगळ्यांची परीक्षा होते. (गिळताना ठसका लागत नसावा, असे मी धरून चालतो; लागत असल्यास आधी त्याची तपासणी करून घ्यावी.) मग उद्दिष्ट असे लिहिता येईल : ‘चार आठवड्यांनी, घरी दुपारच्या जेवणाला, टेबलाशी खुर्चीत बसून, ताटाखाली न घसरणारी रबरी चटई घेऊन, रुग्ण उजव्या हाताने अर्धी भाकरी तुकडे मोडून आमटीशी खातील, तोंडी सूचना दोनपेक्षा अधिक लागणार नाहीत, हाताला धरून मदत करावी लागणार नाही, आणि सलग पाच दिवसांपैकी चार दिवस हे जमेल.’ यावर हो किंवा नाही, एवढेच उत्तर आपली आईसुद्धा देऊ शकेल.

मदतीचे मोजमाप मला सर्वांत विश्वासाचे वाटते. एफआयएम (फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर) या स्वावलंबन मोजण्याच्या पद्धतीत 18 बाबींना प्रत्येकी 1 ते 7 गुण देतात : 7 म्हणजे पूर्ण स्वावलंबन, 5 म्हणजे केवळ देखरेख किंवा आधीची मांडामांड, तर 1 म्हणजे जवळजवळ सगळे दुसऱ्यानेच करणे. थेरपीच्या खोलीत वडील चमचा धरत असतील आणि घरी आई मायेपोटी भरवत असेल, तर घरचा आकडा 1 किंवा 2 एवढाच राहील, आणि तोच खरा धरावा.

टक्केवारीपासून मात्र सावध राहावे. ‘80 टक्के अचूकतेने आंघोळ करतील’ यातून काहीच बोध होत नाही, आणि ‘80 टक्के वेळा इन्शुलिनचा डोस बरोबर घेतील’ हे तर सरळ धोक्याचे आहे. पकडीची ताकद डायनॅमोमीटरवर किलोमध्ये मोजता येते व ती मोजावीही. पण ती वाढल्याने बटण लागेलच असे नाही, म्हणून ती उद्दिष्टाशेजारची नोंद म्हणून ठेवावी.

कोणते काम आधी घ्यायचे, हे वडिलांनाच विचारावे. कॅनडात तयार झालेल्या आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) या पद्धतीत रुग्ण स्वतःला महत्त्वाची वाटणारी कामे सांगतो आणि ते काम आपल्याला किती जमते व त्याबद्दल किती समाधान आहे, याला 10 पैकी गुण देतो. पुढच्या वेळी दोन गुणांचा फरक दिसला तर तो अर्थपूर्ण मानतात. कदाचित त्यांना जेवणापेक्षा धोतर नेसणे किंवा पेन्शनच्या कागदावर सही करणे अधिक निकडीचे वाटत असेल.

पुढच्या भेटीला आईंना सोबत न्यावे, घरच्या जेवणाचा एखादा व्हिडिओ थेरपिस्टना दाखवावा आणि वरच्यासारखे एकच वाक्य फाइलमध्ये लिहून घ्यावे. चार आठवड्यांत ते साधले नाही, तर पुढे तेच वाक्य पुन्हा उतरवू देऊ नये. अडचण पकडीत आहे, खांद्यात आहे की कामाकडे लक्ष देण्यात, हे थेरपिस्टना विचारावे, आणि बोटांत अजून हालचालच नसेल तर तूर्त डाव्या हाताने जेवण्याचे उद्दिष्ट स्पष्टपणे लिहून मागावे.